तीन वर्षं पाणी कोण घालणार? दुर्लक्षित वस्तीत झाडं लावू पाहणाऱ्या प्रार्थनास्थळांसाठी

रोप खड्ड्यात ठेवून माती लोटायला दहा मिनिटं लागतात. तेच रोप स्वतःच्या मुळांवर तग धरून उभं राहायला साधारण तीन वर्षं लागतात. वृक्षारोपणाच्या बहुतेक मोहिमा त्या दहा मिनिटांसाठी आखलेल्या असतात. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानात एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावली गेली. काही महिन्यांनी तिथल्या शेती आणि वनकामगारांच्या संघटनेने पाहणी केली आणि तपासलेल्या रोपांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मेली असल्याचं सांगितलं. सरकारने ते मान्य केलं नाही. पण वेळ चुकली, पाणी मिळालं नाही, ही संघटनेने दिलेली कारणं वृक्षारोपण केलेल्या कुणालाही ओळखीची वाटतील.

मीही यातून गेलो आहे. आमच्या मंडळींनी पहिल्यांदा झाडं लावली तेव्हा दोनशे रोपं आणली होती. प्रार्थना झाली, छायाचित्रं निघाली, मुलं चिखलाने माखली. पुढच्या कोरड्या ऋतूत मी मोजायला गेलो तेव्हा उभ्या काठ्याच जास्त दिसल्या. एका काठीपाशी एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही लावून गेलात, आम्हाला वाटलं तुम्हीच येणार पाणी घालायला." त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्या घरापर्यंत नळ आलेला नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

त्या वाक्यानंतर आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार, सिनेगॉग, तुमचं प्रार्थनास्थळ कोणतंही असो. झाडं जगवायला जे लागतं ते तुमच्याकडे आधीपासून आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं न चुकता जमणारी माणसं. एवढा नियमितपणा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

आधी ऊन कुठे आहे ते बघा

गरीब वस्तीत झाडं कमी असतात हा योगायोग नसतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित लोकांच्या वस्त्या त्यात लाल रंगाने 'धोकादायक' ठरल्या आणि पुढे तिथे पैसा गेलाच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १०८ शहरांचं उन्हाळी तापमान तपासलं गेलं. त्यातल्या ९४ टक्के शहरांत लाल रंगाच्या वस्त्या आजही जास्त तापतात. शहरातल्या सर्वात चांगल्या ठरवलेल्या भागांपेक्षा त्या सरासरी २.६ अंश सेल्सिअसने गरम आहेत, काही ठिकाणी तर ७ अंशांनी. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशावर ओढलेली रेघ आजही थर्मामीटरवर दिसते.

सावलीखालची जमीन, भिंत किंवा डांबर हे भर उन्हातल्या तशाच पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंशांनी थंड राहू शकतं. झाडं पानांतून पाणी हवेत सोडतात त्यानेही आसपासचा उन्हाळ्यातला कमाल पारा १ ते ५ अंशांनी उतरतो. युरोपातल्या ९३ शहरांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की झाडांचं छत्र ३० टक्क्यांपर्यंत नेलं असतं तर शहरी उष्णतेमुळे झालेले एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू टळले असते. म्हणून मी झाडाकडे शोभेची वस्तू म्हणून बघत नाही. ज्या घरात पंखा असूनही वीज नसते, तिथे म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचवणारी ती सोय आहे.

वस्ती निवडायला एक सोपी मोजपट्टी आहे. सेसिल कोनिनेंडाइक या नागरी वनशास्त्राच्या अभ्यासकाने २०२१ मध्ये '३-३०-३००' असा नियम सुचवला: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के छत्र असावं, आणि ३०० मीटरच्या आत बाग किंवा हिरवी जागा असावी. तुमच्या प्रार्थनास्थळापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन वस्त्या या मापाने तपासा. 'चालत' यावर माझा जोर आहे. गाडीने जावं लागेल अशा ठिकाणी लावलेलं झाड तिसऱ्या महिन्यात विसरलं जातं.

मग दुपारी तीन वाजता तिथे फिरायला जा. सकाळी सगळ्याच वस्त्या सुखाच्या दिसतात. हातात वही घ्या आणि माणसं कुठे उन्हात थांबतात तेवढंच लिहा. बसथांबा, शाळेचं फाटक, दवाखान्याबाहेरची रांग, पाणी भरायची जागा, म्हातारी माणसं टेकतात तो कट्टा. सावली कुठल्या बाजूने पडेल हेही बघा. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतरचं तिरपं ऊन झोडपतं, त्यामुळे घराच्या पश्चिमेला लावलेलं झाड सगळ्यात जास्त कामाला येतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असाल तर उत्तरेकडे लावलेल्या झाडाची सावली घरावर फारशी पडतच नाही.

वस्तीला विचारा, आणि 'नको' ऐकायची तयारी ठेवा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया जातं. म्हणून यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २०११ ते २०१४ या काळात एक संस्था लोकांच्या घरासमोर फुकट झाडं लावून देत होती. तरी जवळपास एक चतुर्थांश लोकांनी 'आम्हाला नको' असं सांगितलं. संशोधकांनी या लोकांना भेटून कारण विचारलं, तेव्हा कळलं की झाडांचं मोल त्यांना पुरेपूर माहीत होतं. त्यांचा राग वेगळा होता. कुठलं झाड लावायचं, कुठे लावायचं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. झाड मोठं झाल्यावर पानं झाडायची, फांद्या काढायच्या, मुळांनी फरशी उचलली तर ती दुरुस्त करायची हे सगळं आपल्यावर पडणार, हे त्यांनी अनुभवातून ताडलं होतं. शहराने जुनी झाडं वाऱ्यावर सोडलेली त्यांनी पाहिली होती. विश्वासच नसेल तर फुकट मिळणारी वस्तूही ओझं वाटते.

म्हणून रोपांचा विचार बाजूला ठेवा आणि आधी दोन महिने नुसतं ऐका. दारोदारी जा, दोघादोघांनी जा, आणि त्यातला एक त्याच वस्तीत राहणारा असू द्या. तुमच्या प्रार्थनास्थळात येणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या वस्तीत राहतच असतं. बहुतेक वेळा ती माणसं मागच्या रांगेत बसतात आणि त्यांना कधी कुठल्या समितीवर घेतलेलं नसतं. या कामाची सूत्रं त्यांच्याकडे द्या.

दारात उभं राहिल्यावर 'आम्ही झाडं लावणार आहोत' असं सुरू करू नका. विचारा, दुपारी घरात किती तापतं? मुलं कुठे खेळतात? पूर्वी इथे झाड होतं का, त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर लोक भरभरून बोलतात. कुणी पडलेल्या फांदीने फुटलेलं छप्पर दाखवतं. कुणी सांगतं, ते झाड होतं तेव्हा त्याखाली शाळा भरायची. या उत्तरांतच झाड कुठे हवं आणि कुठे नको ते तुम्हाला मिळतं.

काही हरकती हमखास येतात आणि त्या खऱ्या असतात. रात्री दाट झाडाखाली अंधार होतो आणि बायकांना तिथून जायला भीती वाटते. मग दिव्याच्या खांबाजवळ झाड नको, आणि खालच्या फांद्या डोक्याच्या वर राहतील अशी छाटणी लागेल. मुळं नळात शिरतात, अशी तक्रार येते. फुटक्या, झिरपणाऱ्या पाइपाकडे मुळं ओलाव्यासाठी वळतात हे खरं आहे, म्हणून जुन्या पाइपापासून लांब जागा घ्यायची. परसात कपडे वाळवायला ऊन हवं असतं. दुकानाची पाटी झाकली जाते. यातल्या कुठल्याही माणसाला समजावून 'हो' म्हणायला लावू नका. त्याने नको म्हटलं तर वहीत 'नको' लिहा, आभार माना आणि पुढच्या दारी जा. पुढच्या वर्षी शेजाऱ्याचं झाड बघून तोच बोलवायला येतो, असं आम्ही दोनदा अनुभवलं आहे.

एक हरकत लोक तोंडावर बोलत नाहीत. ती तुम्ही स्वतःच काढा. दुसऱ्या धर्माचे लोक आपल्या गल्लीत येऊन काहीतरी रोवतात, यामागे जागा बळकावायचा किंवा धर्म पसरवायचा डाव तर नाही, ही ती शंका. तिला कृतीनेच उत्तर द्यायचं. झाडावर, पिंजऱ्यावर, फलकावर तुमच्या पंथाचं चिन्ह नको. लावताना प्रार्थना करायची असेल तर ती आपल्या प्रार्थनास्थळात करून या, गल्लीत नको. पत्रकं वाटू नका. आणि शक्य असेल तिथे पहिल्याच बैठकीला शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या मंडळींना बोलवा. दोन वेगळ्या धर्मांची माणसं एकच पहार आळीपाळीने धरताना दिसली की तो संशय बराच ओसरतो.

भाड्याचा प्रश्नही टाळू नका. वस्ती हिरवी झाली की जागेचा भाव चढतो आणि जुन्या भाडेकरूंनाच बाहेर पडावं लागतं, असं जगातल्या अनेक शहरांत झालं आहे. यावर झाडं लावणाऱ्यांकडे पुरता इलाज नाही. पण वस्तीतल्या भाडेकरूंच्या संघटनेला पहिल्या दिवसापासून सोबत घेणं, आणि एका चकचकीत बागेऐवजी घराघरांजवळ विखुरलेली साधी सावली उभी करणं, एवढं आपल्या हातात आहे.

आपल्या अंगणापासून सुरुवात

जमीन कुणाची आहे हे कळल्याशिवाय कुदळ मारू नये. रस्त्याकडेची जागा बहुधा पालिकेची असते, शाळेची शाळेकडे, तर मोकळा दिसणारा भूखंड कुणाचा तरी खासगी. लेखी परवानगी घ्या. तिच्यात झाड लावण्याबरोबर त्याची निगा कोण राखणार, पुढे छाटणी कोण करणार आणि झाड पडलं तर जबाबदारी कुणाची, हेही लिहून घ्या. जमिनीखालून वीज, गॅस, पाणी, सांडपाणी, इंटरनेटच्या तारा कुठून गेल्या आहेत ते संबंधित विभागांकडून जागेवर खुणा करून घ्या. पहार गॅसच्या नळीवर बसली तर जीव जातो.

परवानगीला महिने लागतात. तोवर आपल्या प्रार्थनास्थळाच्या आवाराकडे बघा. गाड्या उभ्या करायचं मोठं डांबरी मैदान बऱ्याच ठिकाणी असतं, आणि वस्तीतला सगळ्यात तापणारा तुकडा तोच असतो. तिथलं डांबर पट्ट्यापट्ट्यांनी काढा. कुंपणाच्या आतून अशी झाडं लावा की त्यांची सावली बाहेरच्या पदपथावर पडेल. इथे परवानगीची अडचण कमी, पाणी हाताशी आणि देखरेख आपोआप होते. पहिल्या वर्षी इथेच हात बसवा. आपल्या दारातली झाडं जगवून दाखवलेल्या मंडळींचं बोलणं वस्तीतले लोक वेगळ्या कानांनी ऐकतात.

किती झाडं? हिशेब उलटा करा

रोपं किती मिळतील, पैसे किती जमले, यावरून संख्या ठरवू नका. पाणी घालणारे हात मोजा आणि त्यांवरून झाडं ठरवा.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडाच्या रोपाला एका वेळी १५ ते २० लिटर पाणी लागतं असं धरा. पहिल्या कोरड्या ऋतूत आठवड्यातून किमान दोनदा. म्हणजे वीस झाडांना आठवड्याला ८०० लिटर, दहा लिटरच्या ऐंशी बादल्या. नळापासून झाडापर्यंतचं अंतर पन्नास पावलं असेल तर भरलेली बादली घेऊन ती पन्नास पावलं चालून बघा. मग ठरवा, एक कुटुंब किती झाडं सांभाळेल. आमच्या अनुभवात एका कुटुंबाकडे दोन. बारा कुटुंबांनी नाव दिलं तर चोवीस झाडं, पंचविसावं नको. चोवीस आकडा व्यासपीठावरून सांगायला लहान वाटतो. तीन वर्षांनी उभी असलेली चोवीस झाडं मात्र अख्खी गल्ली बदलतात.

पैशांची विभागणीही याच मापाने करा. रोपं आणि लागवड यांवर निम्म्याहून जास्त खर्च होत असेल तर योजना चुकली आहे. पाणी, पिंजरे, आच्छादन आणि राखणीचं मानधन यांना जास्त वाटा हवा. वस्तीतल्याच तरुणांना किंवा घरी असलेल्या बायकांना पाणी घालण्याचे पैसे द्या. गरीब माणसाच्या श्रमाला सेवा म्हणून फुकट गृहीत धरणं मला पटत नाही. केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. त्यात खेड्यांतल्या बायकांना जगलेल्या रोपामागे थोडी रक्कम मिळत असे. नुसतं लावल्याबद्दल नाही, जगल्याबद्दल. या एका अटीने चळवळीतल्या बायका झाडांच्या राखणदार झाल्या. २००४ साली मथाई यांना शांततेचं नोबेल मिळालं तोवर चळवळीने लावलेल्या झाडांची संख्या कोटींत गेली होती.

रोप निवडताना

जात कुठली हे तुमच्या प्रदेशातल्या वनखात्याच्या किंवा पालिकेच्या उद्यान विभागाच्या माणसाला विचारा आणि वस्तीला त्यातून निवडू द्या. स्थानिक जाती आधी बघा, कारण तिथला पाऊस, तिथली माती आणि तिथले पक्षी त्यांच्या ओळखीचे असतात. वरून विजेची तार जात असेल तर मोठं होऊनही सहा मीटरच्या आत राहणारी जातच लावा. नाहीतर वीज मंडळाचे लोक दरवर्षी येऊन तिचा शेंडा छाटतील आणि झाड कायमचं विद्रूप होईल. ठिसूळ फांद्यांची आणि फार परागकण उडवणारी झाडं शाळा-दवाखान्याजवळ नकोत.

सगळी झाडं एकाच जातीची लावायचा मोह होतो, ओळीत छान दिसतात. तो आवरा. १९९० साली फ्रँक सँटामोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने शहरांसाठी एक नियम मांडला: एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीसमूहाची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडं नकोत. हा नियम कुणी पाळला नाही तिथे काय होतं ते अमेरिकेने बघितलं. २००२ मध्ये मिशिगन राज्यात अॅश झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा सापडला. तेव्हापासून त्याने कोट्यवधी झाडं मारली आणि केवळ अॅशची रांग असलेले रस्ते एकदम उघडे पडले. चोवीस झाडांत टक्केवारी काटेकोर बसणार नाही, पण पाच-सहा जाती तरी असाव्यात.

फळझाडं लोकांना हवीच असतात आणि ती जरूर द्यावीत. मात्र जागेवर पूर्वी कारखाना, गॅरेज किंवा जुन्या रंगाची इमारत असेल तर मातीत शिसं असू शकतं. आधी मातीची तपासणी करून घ्या.

रोपवाटिकेत गेल्यावर सगळ्यात उंच रोपाकडे धावू नका. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बघा. रोप पिशवीतून हळूच सरकवून काढायला सांगा. मुळं पिशवीच्या आतून गोल गोल फिरून दोरीसारखी गुंडाळली गेली असतील, तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलं आहे. जमिनीत गेल्यावरही ती मुळं तशीच गोल वाढतात आणि आठ-दहा वर्षांनी खोडालाच फास लावतात. बोटाने चाचपलं तर कळतं: निरोगी मूळ टणक आणि आतून पांढरट असतं, कुजलेलं मूळ मऊ, तपकिरी आणि आंबूस वासाचं. खोडाला खरचटलेलं नको. शेंडा एकच आणि सरळ हवा. छातीएवढं सुदृढ रोप डोक्याएवढ्या अशक्त रोपाला दोन-तीन वर्षांत मागे टाकतं.

खड्डा, माती, आळं

दुर्लक्षित वस्तीतली जमीन बहुधा माती कमी आणि राडारोडा जास्त अशी असते. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, ट्रकच्या चाकांनी दाबलेला थर. लागवडीच्या काही आठवडे आधी एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनीही पाणी साचलेलं असेल तर तिथे मुळं गुदमरतील. जागा बदला, किंवा ओल सोसणारी जात शोधा.

खड्डा खोल हवा असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तो रुंद हवा. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरतात. म्हणून खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद आणि हुंडीच्या उंचीएवढाच खोल घ्या. बाजू कुदळीने गुळगुळीत झाल्या असतील तर त्या खरवडून खडबडीत करा, नाहीतर मुळं त्या भिंतीला धडकून आतच फिरतात.

आता रोप बसवणं. ही कृती प्रत्येक गटाला आधी एकदा करून दाखवा. पिशवी पूर्ण काढा. 'कुजेल आपोआप' म्हणून ती ठेवू नका, प्लॅस्टिक कुजत नाही. हुंडीच्या वरची माती बोटांनी बाजूला करत जा. खोड जिथे पसरट होऊन पहिलं मूळ फुटतं ती जागा दिसली पाहिजे. ही जागा जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर राहायला हवी. रोप खोल बसलं की खोडाची साल ओली राहून कुजते, आणि झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षांनी मरतं. तेव्हा कुणाला कारण कळत नाही. गोल फिरलेली मुळं छाटणीच्या कात्रीने कापा किंवा हाताने मोकळी करून बाहेर पसरवा. रोप खोडाला धरून उचलू नका, हुंडीखाली हात घाला.

खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरा, फक्त दगड आणि काचा वेचून काढा. खड्ड्यात नुसतं खतच खत भरलं तर मुळं त्या मऊ कुंडीतून बाहेर पडायला मागत नाहीत. पायाने दाबून माती घट्ट करू नका. निम्मी माती भरल्यावर पाणी घाला, ती आपोआप बसते. मग उरलेली भरा आणि हुंडीच्या कडेने गोल आळं करा.

आळ्यात पालापाचोळा किंवा लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन पसरा, साधारण चार बोटं जाडीचं, पण खोडापासून वीतभर दूर. खोडाला टेकवून त्याची ढेकळासारखी रास करतात ते सगळीकडे दिसतं आणि ते चूक आहे. आधाराची काठी रोप स्वतः उभं राहत नसेल तरच लावा. बांधताना सैल इंग्रजी आठच्या आकाराचा फेरा घ्या, खोड थोडं हललं पाहिजे. वाऱ्यात हललं तरच ते जाड होतं. काठी आणि दोरी वर्षभरात काढायची आहे, ही तारीख आत्ताच वहीत लिहा. खोडात रुतलेली तार मी इतक्या झाडांवर पाहिली आहे की हे परत सांगावंसं वाटतं.

गुरं, शेळ्या, गाड्या आणि क्रिकेट यांपासून राखण हवी. इथे इथिओपियाकडे बघा. तिथल्या उत्तर भागात बहुतेक जंगल शेतीत गेलं, पण ऑर्थोडॉक्स चर्चभोवतीची छोटी वनं लोकांनी शतकानुशतकं राखली. तरी गुरं आत शिरत होती आणि नवी रोपं खाऊन टाकत होती. वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी आणि धर्मगुरू यांनी मिळून वनाभोवती दगडांच्या भिंती उभ्या करायचं काम हाती घेतलं. दगड शेजारच्या शेतांतलेच. शेतं मोकळी झाली आणि आतली रोपं वाढू लागली. तुमच्या वस्तीत पिंजरा कशाचा करायचा तेही असंच ठरवा, तिथे काय पडून आहे त्यावरून.

लावण्याचा दिवस

हा दिवस पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्या. थंड प्रदेशात झाड पानगळीत असताना. सणाच्या तारखेसाठी ऋतू मोडू नका. सण महत्त्वाचा असेल तर त्या दिवशी आळी करा, आच्छादन घाला, संकल्प घ्या. प्रत्येक झाडापाशी ज्या कुटुंबाने ते मागितलं त्यांनीच पहिली माती लोटावी. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांत संपवा, कारण उन्हात ठेवलेल्या पिशवीतली मुळं तेवढ्यात सुकायला लागतात. रोपं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

पुढची तीन वर्षं

ज्यू धर्मपरंपरेत नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खात नाहीत. थायलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भिक्खू झाडांना भगवं वस्त्र गुंडाळून त्यांना जणू दीक्षा देतात, म्हणजे ती तोडायला कुणी धजावत नाही. ज्या झाडाचं फळ माणूस, पक्षी किंवा जनावर खाईल ते लावणं इस्लाममध्ये दान मानलं जातं. गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीला, २०१९ मध्ये, शीख मंडळींनी जगभर ५५० झाडांची छोटी वनं उभी करायला घेतली. तुमच्या परंपरेतही असं काही आहेच. ते शोधून काढा आणि लागवडीच्या दिवशीच संपवू नका, पाणी घालण्याच्या तीन वर्षांना जोडा.

आम्ही एक साधी वही ठेवली. प्रत्येक झाडाला क्रमांक, कुणाच्या दारात, कुठली जात, कोण पाणी घालतं. साप्ताहिक प्रार्थनेनंतर, लोक चपला घालत असताना, दाराशी एक जण ती वही घेऊन उभा राहतो आणि विचारतो: सात नंबरला पाणी झालं? अकरा नंबरची पानं अजून पिवळी आहेत का? दोन मिनिटांचं काम. पण ज्याने घातलं नाही तो त्याच संध्याकाळी बादली घेऊन निघतो.

पाणी द्यायचं की नाही हे तारखेवरून ठरवू नका. आळ्यात बोट खुपसा. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबा. जास्त पाण्यानेही पानं पिवळी पडतात आणि लोक घाबरून आणखी पाणी ओततात. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सावकाश, खोलवर पाणी जिरवा. मुळं पाण्यामागे खाली जातात. एक सोपी युक्ती: जुन्या डब्याला तळाशी बारीक भोक पाडा, तो आळ्यात ठेवा आणि भरून निघून जा. दुसऱ्या वर्षी आठवड्याला एकदा पुरतं, तिसऱ्या वर्षी फक्त कडक उन्हात.

पहिल्या वर्षी मेलेली, मोडलेली फांदी सोडून काही कापू नका, पानंच मुळांना पोसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दोन शेंडे झाले असतील तर एक ठेवा आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. माणसं खालून जातात तिथल्या फांद्या एकदम न कापता दरवर्षी थोड्या थोड्या वर न्या. शिडी लागेल त्या दिवसापासून छाटणी जाणकारानेच करायची.

काही रोपं मरतीलच. ज्याच्या दारातलं मेलं त्याला दोष देऊ नका, दोघं मिळून ते उपटा आणि मुळं बघा. गोल गुंडाळलेली निघाली तर चूक आपली, रोप निवडताना झालेली. काळी, आंबूस निघाली तर पाणी साचत होतं. कोरडी ठणठणीत निघाली तर विचारा, नळाला पाणी येत होतं का? आमच्या वहीत एकाच गल्लीतली चार झाडं एकाच महिन्यात गेली. चौकशी केली तर त्या गल्लीचा नळ सहा आठवडे बंद होता आणि माणसंच लांबून पाणी आणत होती. त्या वेळी झाडांचं बोलणं बाजूला ठेवून आम्ही आधी नळासाठी वस्तीसोबत पालिकेत गेलो. ती चार झाडं पुढच्या लागवडीच्या मोसमात त्याच कुटुंबांनी पुन्हा मागून घेतली, आणि वहीत त्यांच्या जुन्याच क्रमांकांवर नवी तारीख चढली.